दिवा लागतो तेव्हा

‘तांत्रिक बिघाडामुळे लढाऊ विमान तातडीने उतरवले. वैमानिक सुखरूप. चौकशीचे आदेश.’

अशी बातमी तुम्ही सगळ्यांनी कधी ना कधी वाचली असणार. आतल्या पानावर, एका कॉलमात, चार ओळी. आपण ‘चला, वाचला बिचारा’ म्हणतो आणि पान उलटतो. विमान पडलं असतं तर पहिल्या पानावर फोटोसकट आलं असतं. नाही पडलं, म्हणून विषय संपला.

मला मात्र त्या बातमीतले शेवटचे दोन शब्द सोडत नाहीत. चौकशीचे आदेश. म्हणजे पुढे नक्की काय होतं? कोण कुणाला काय विचारतं? आणि त्यातून जे कळतं ते कुठे जातं? (घरच्यांना माझा हा विमानांचा नाद ठाऊक आहे. त्यांनी हसून घ्यावं आणि पुढे वाचावं. :) )

मी वर्ध्याचा. इथून नागपूर जेमतेम पाऊणशे किलोमीटर. नागपूरच्या वायुसेनानगरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे. म्हणजे लढणाऱ्या विमानांचा नव्हे, तर विमानं दुरुस्त ठेवणाऱ्यांचा कारभार आमच्या शेजारून चालतो. नाशिकजवळ ओझरला जो ११ बेस रिपेअर डेपो आहे, जिथे मिग-२९ आणि सुखोई उघडून पुन्हा जोडतात, तो याच कमांडखाली येतो. वैमानिकांच्या शौर्यावर पुस्तकं निघतात, सिनेमे निघतात. तेलाने हात माखलेल्या या माणसांवर कुणी काही लिहिलेलं फारसं दिसत नाही. आणि आजची गोष्ट तर तेलाचीच आहे.

आधी दिवा कशाचा ते पाहू. जेट इंजिन म्हणजे शेवटी काय, एका दांड्यावर बसवलेली पात्यांची चक्रं. लढाऊ विमानात हा दांडा मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे घेतो. तो ज्यावर फिरतो ती बेअरिंग. बेअरिंगला तेल लागतं, एक घर्षण कमी करायला आणि दुसरं उष्णता वाहून न्यायला. आमच्याकडे बंडीचं चाक कुरकुरायला लागलं की जुनी माणसं आधी वंगण काढायची, मग बैलांकडे बघायची. जिनिंगमधला मुरलेला मिस्त्री पेचकसाचं टोक बेअरिंगवर टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि सांगतो, ‘हे आठ दिवस काढेल, ते आजच बदला.’ विमानात हेच काम यंत्रांवर सोपवलेलं असतं. तेलाचा दाब उतरला, कंपनं वाढली, इंजिनाचं तापमान चढलं की वैमानिकासमोर दिवा लागतो.

काही इंजिनांत आणखी एक गंमत असते. तेलाच्या वाटेवर लोहचुंबकाची एक खुंटी बसवलेली असते. बेअरिंग झिजून लोखंडाचे कण सुटले की ते या खुंटीला चिकटतात. पुरेसे कण जमले की दोन टोकांमधली फट भरून निघते, वीज वाहते आणि दिवा पेटतो. म्हणजे झिजलेल्या धातूनेच घंटा वाजवायची! मला ही कल्पना फार आवडते.

पण दिवा लागेपर्यंत थांबावंच कशाला? तेलाचा नमुना घ्यायचा, तो विजेच्या ठिणगीत जाळायचा आणि त्या ज्योतीचा प्रकाश तपासायचा. प्रत्येक धातूचा प्रकाश वेगळा. लोखंड किती, तांबं किती, चांदी किती, हे दहा लाख भागांत एक-दोन भाग इतक्या बारकाईने कळतं. कुठला धातू वाढला त्यावरून कुठला भाग झिजतोय याचा अंदाज येतो. माणसाचं रक्त तपासतात तसंच. ही युक्ती विमानवाल्यांची नाही बरं का, रेल्वेची आहे. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रांडे वेस्टर्न या रेल्वे कंपनीने डिझेल इंजिनांच्या तेलावर ती वापरली आणि १९५० च्या दशकात अमेरिकन नौदलाने ती विमानांसाठी उचलली. वर्ध्यासारख्या जंक्शनच्या गावात वाढलेल्या माणसाला हे वाचून बरं वाटणारच.

आता आपल्या इतिहासाकडे येऊ.

१९६३ साली मिग-२१ हवाई दलात आलं. पहिली काही विमानं सोव्हिएत तंत्रज्ञांनी मुंबईत जोडली आणि तिथून ती चंदिगडला गेली. त्या वेळी संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण. १९६४ मध्ये ओझरचा कारखाना सुरू झाला. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, अशी कामाची वाटणी ठरली. नाशिकच्या द्राक्षांच्या शिवारात आवाजाहून वेगवान विमान तयार होऊ लागलं, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

पण मिग-२१ ला इंजिन एकच. पंख त्रिकोणी आणि आखूड. इंजिन बंद पडलं तर हे विमान तरंगत फारसं जात नाही, खालीच येतं. दिवा लागला की वैमानिकाच्या हातात थोडाच वेळ. तेवढ्यात धावपट्टी गाठायची, नाहीतर खुर्चीचा दट्ट्या ओढून बाहेर पडायचं. विमान शेतात पडलं की उरतो तो जळालेला, चेपलेला लोखंडाचा ढीग. त्यातून ‘आधी बेअरिंग तुटलं की आपटल्यामुळे तुटलं’ हे शोधून काढणं म्हणजे राखेतून पत्र वाचण्यासारखं.

२०१२ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत आकडे दिले. रशियाकडून घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ विमानं १९७१-७२ ते एप्रिल २०१२ या काळात अपघातांत गेली. १७१ वैमानिक आणि ३९ सामान्य नागरिक मेले. कारणं दोन सांगितली, माणसाची चूक आणि तांत्रिक दोष.

‘माणसाची चूक’ या दोन शब्दांपाशी जरा थांबायला हवं.

नागरी विमान अपघातांच्या चौकशीचा एक आंतरराष्ट्रीय नियम आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या कराराचं तेरावं परिशिष्ट, १९५१ चं. त्यात स्पष्ट म्हटलंय की चौकशीचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा आहे, दोष किंवा जबाबदारी वाटणं हा नाही. भारतात नागरी विमानांसाठी २०१२ पासून वेगळा तपास विभाग आहे आणि त्याचे अहवाल कुणालाही वाचता येतात. लष्करी विमानाचं तसं नाही. तिथे हवाई दलातल्याच अधिकाऱ्यांची ‘कोर्ट ऑफ इन्क्वायरी’ बसते, १९५० चा हवाई दल कायदा आणि १९६९ चे नियम यांच्या चौकटीत. वैमानिकाची, तंत्रज्ञांची, कंट्रोल टॉवरची साक्ष होते, विमानातल्या रेकॉर्डरवरची नोंद वाचली जाते, देखभालीच्या वह्या तपासल्या जातात. काम कसून होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण अहवाल गोपनीय, आणि त्यातून कुणावर कारवाईही होऊ शकते. म्हणजे ‘काय झालं’ आणि ‘कुणी केलं’ हे दोन्ही प्रश्न एकाच टेबलावर.

वैमानिक परत आला असेल तर तो निदान सांगू शकतो, ‘अमुक उंचीवर होतो, दिवा लागला, मी असं केलं.’ परत आला नसेल तर त्याच्या वतीने कोण बोलणार?

पुण्याचे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ १७ सप्टेंबर २००१ रोजी राजस्थानात सुरतगडहून मिग-२१ घेऊन रात्री उडाले आणि थोड्याच वेळात विमान कोसळलं. इंजिनाचं प्रकरण नव्हतं ते. ठपका वैमानिकावर आला. त्यांच्या आईने, कविता गाडगीळ यांनी, तो मान्य केला नाही. आई-वडिलांनी मुलाच्या नावाने हवाई सुरक्षेसाठी संस्था काढली आणि वर्षानुवर्षं प्रश्न विचारत राहिले. प्रशिक्षणाचं काय? विमानांच्या वयाचं काय?

प्रशिक्षणाचा प्रश्न काही नवा नव्हता. नवशिक्यांना संथ विमानावरून एकदम मिग-२१ वर बसवू नका, मध्ये एक प्रगत प्रशिक्षण जेट हवं, असं एअर मार्शल ला फाँतेन यांच्या समितीने १९८२ मध्येच सांगितलं होतं. १९९७ मध्ये लढाऊ विमानांच्या अपघातांवर डॉ. अब्दुल कलाम यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक समिती बसली. ‘हॉक’ विमानांचा करार झाला २००४ मध्ये आणि ती हवाई दलात रीतसर दाखल झाली २००८ मध्ये. १९८२ ते २००८. सव्वीस वर्षं! हाही एक दिवाच होता की. लागलेला सगळ्यांना दिसत होता.

म्हणून सुखोईची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ती अपघाताची नाही, सुखरूप उतरण्याची आहे.

सुखोई-३० एमकेआय सप्टेंबर २००२ मध्ये पुण्याच्या लोहगाव तळावर हवाई दलात दाखल झालं आणि २००४ पासून ओझरला तयार होऊ लागलं. या विमानाला दोन इंजिनं. एकाचा दिवा लागला तर वैमानिक त्या इंजिनाची शक्ती कमी करतो, गरज पडली तर ते बंद करतो आणि दुसऱ्यावर जवळची धावपट्टी गाठतो. पेपरात येते ती चार ओळींची बातमी.

आणि मग खरं काम सुरू होतं. विमान अख्खं, इंजिन अख्खं, वैमानिक जिवंत. तेलाचा फिल्टर उघडायचा, त्यात चकाकणारे कण आहेत का पाहायचं. तेलाचा नमुना तपासायचा. इंजिन उतरवून कोरापुटला न्यायचं, उघडायचं. राखेतून वाचायचं काहीच नाही, पत्र सरळ हातात आलेलं.

२०१२ नंतर अशी पत्रं खूप यायला लागली. इंजिनांची मोठी दुरुस्ती ९०० तासांनी व्हायची होती, पण काही इंजिनं त्याच्या आतच तक्रार करत होती. मार्च २०१५ मध्ये संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांनी संसदेत हिशेब मांडला. तपासलेल्या ६९ प्रकरणांपैकी ३३ मध्ये दोष बेअरिंगचा, ११ मध्ये कंपनं वाढलेली, ८ मध्ये तेलाचा दाब कमी. म्हणजे जवळजवळ निम्म्या वेळा एकच भाग.

पर्रीकर मुंबईच्या आयआयटीतून धातुशास्त्र शिकलेले होते. बेअरिंगचा पृष्ठभाग थकतो, त्याचे बारीक कण सुटतात, ते तेलात मिसळून पुढे जातात आणि इंजिन खराब करतात, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नसणार. देशाचा संरक्षणमंत्री बेअरिंगवर बोलतोय, हे मला तरी फार आश्वासक वाटलं होतं.

इंजिन बनवणाऱ्या रशियन सॅटर्न कंपनीने आरेखनात आणि उत्पादनात नऊ सुधारणा सुचवल्या. जास्त चांगलं तेल वापरा, मोक्याच्या जागी तेल नीट पोचेल असं करा, बेअरिंग अधिक अचूक बसवा, वगैरे. ऐकायला किती साधं! बंडीवाल्याने सांगावं तसं. पण हे ‘साधं’ उत्तर मिळालं ते इंजिनं शाबूत परत आली म्हणून आणि प्रत्येक वेळी कुणीतरी ती उघडून नोंद केली म्हणून. २००९ ते २०१४ या काळात पाच सुखोई पडली, त्यांची कारणं वेगवेगळी. नुसतं पडलेल्या विमानांकडे बघत बसलो असतो तर बेअरिंगचा हा हिशेब कधी जमलाच नसता. एका उतरलेल्या विमानावरून फार काही कळत नाही. ६९ प्रकरणं शेजारी शेजारी ठेवली की कळतं.

‘काही झालं नाही ना? मग कशाला खोदत बसता?’ असं आपण घरात, ऑफिसात, सगळीकडे म्हणतो. खरं तर काही झालं नाही हीच खोदायची वेळ. सगळे साक्षीदार हजर असतात आणि रडत कुणी नसतं.

हे नुसतं आकाशातलं नाही, हे मला आमच्याच जिल्ह्याने शिकवलं.

वर्ध्याहून मुंबईच्या दिशेने गाडीत बसलं की थोड्या वेळात पुलगाव येतं. तिथे देशातल्या सर्वांत मोठ्या दारूगोळा भांडारांपैकी एक आहे. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर तिथल्या एका शेडला आग लागली, स्फोट झाला. आगरगाव आणि आसपासच्या गावांतले लोक अंधारात घरं सोडून निघाले. १९ माणसं गेली. त्यांत आग विझवायला धावलेले भांडाराच्या अग्निशमन दलातले जवान होते. पर्रीकर पुलगावला आले. पुढे संसदेत त्यांनी सांगितलं की रणगाडाविरोधी सुरुंगांतून झिरपलेल्या टीएनटीमुळे आग लागली असावी.

टीएनटी पुरेसं शुद्ध नसलं की गरम हवेत त्यातून तेलकट द्रव पाझरायला लागतो. दारूगोळ्याच्या धंद्यात ही जुनी ठाऊक असलेली गोष्ट आहे. वर्ध्याचा मे महिना कसा असतो ते इथल्यांना सांगायला नको. ते सुरुंग सदोष आहेत हेही आगीच्या आधी माहीत होतं. म्हणजे दिवा लागलेला होता. डोळ्यांना दिसेल असा, हाताला लागेल असा. फक्त इथे दिवा लागल्यावर विमान उतरवणारा वैमानिक नव्हता. इथे होते ते कागद, एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात जाणारे.

सुखोईचा वैमानिक दिव्याकडे दुर्लक्ष करू शकत नाही, कारण तो स्वतः त्या विमानात बसलेला असतो. कागदावर सही करणारा शेडमध्ये झोपत नाही. दोन्हींतला फरक मला तरी एवढाच दिसतो. चौकशीचं सारं काम, माझ्या मते, हे अंतर कमी करण्याचं आहे. जो निर्णय घेतो त्याच्या डोळ्यांसमोर तो दिवा नेऊन ठेवायचा आणि तो बघेपर्यंत तिथून हलवायचा नाही.

आता गोपनीयतेचा मुद्दा. लष्करी चौकशीचे सगळे कागद चव्हाट्यावर मांडा असं मी म्हणत नाही. शत्रूला कळू नयेत अशा गोष्टी असतात आणि त्या तशाच राहाव्यात. पण ६९ पैकी ३३ बेअरिंगमुळे, हे मार्च २०१५ मध्ये संसदेत सांगितल्याने देशाचं काय बिघडलं? काहीच नाही. उलट पुढच्या वर्षी ‘३३ चे किती झाले?’ असं विचारायची सोय झाली. असा आकडा दरवर्षी, कुणी खासदाराने प्रश्न विचारायची वाट न बघता, यायला काय हरकत आहे? किती विमानं दिवा लागून परत आली, किती वेळा कारण एकच निघालं, त्यावर काय केलं. तीन ओळी पुरेत. कुणाचं नाव नको, कुठला तळ तेही नको.

मिग-२१ ने २६ सप्टेंबर २०२५ ला चंदिगडला शेवटचा सलाम घेतला. सुखोई मात्र अजून बरीच वर्षं राहणार. ४ जून २०२४ ला निफाड तालुक्यात शिरसगावच्या शिवारात एक सुखोई पडलं. दोन्ही वैमानिक बाहेर पडले आणि वाचले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सरकारने हिंदुस्थान एरोनॉटिक्सशी याच जातीच्या २४० इंजिनांचा करार केला, २६ हजार कोटींहून अधिक रकमेचा. इंजिनं कोरापुटलाच तयार होणार. म्हणजे तीच बेअरिंग, तेच तेल, आणि अधूनमधून लागणारा तोच दिवा. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. दिवा लागतो म्हणजे यंत्रणा जिवंत आहे.

असो. लांबलंच थोडं. पुढच्या वेळी ती चार ओळींची बातमी दिसली तर पान उलटण्याआधी एवढंच मनात आणा, की नेमक्या त्या वेळी कुठल्यातरी हँगरमध्ये कुणीतरी तेलाचा फिल्टर उजेडात धरून बघत असेल. त्याला काय दिसलं, हे वरच्यांनी ऐकावं. बाकी काही मागणं नाही.

पुलगाव-आगरगावकडची कुणी मंडळी हे वाचत असतील तर त्या रात्रीबद्दल नक्की लिहा. आमच्या जिल्ह्याची ती आठवण कुठेतरी नोंदलेली राहायला हवी.